देवयानीचा निरोप आणि हरवलेला शेवट

नोव्हेंबरात भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी चालू असते. लाखनीच्या बाहेर, महामार्गाचे दिवे मागे टाकून थोडे आत गेले की कापलेल्या बांधीत उभे राहायला कोरडी जागा मिळते आणि डोक्यावर चांगला काळोख असतो. आम्ही दोघे-तिघे शिक्षक या दिवसांत मुलांना घेऊन तेथे आकाश पाहायला जातो. साधन म्हणाल तर एक जुनी द्विनेत्री आणि सतरंजी. देवयानी तारकासमूहातला तो अंधुक, लांबट ठिपका सापडला की आमचे नेहमीचे वाक्य ठरलेले असते, "हा उजेड तिथून २५ लाख वर्षांपूर्वी निघाला."

एका वर्षी दहावीतल्या एका मुलीने यावर विचारले, "सर, तिथून कोणी काही सांगितलं असेल तर तेही आत्ताच पोचेल ना? मग आपण काय करायचं?"

आम्ही पटकन म्हणालो, "आधी लिहून ठेवायचं." घरी परतताना मात्र आठवण झाली की अगदी हाच प्रश्न एका दूरचित्रवाणी मालिकेने विचारला होता, आणि तिने दिलेले उत्तर आमच्या उत्तराच्या नेमके उलटे होते. ती मालिका म्हणजे बी.बी.सी.ची 'ए फॉर अँड्रोमेडा'. अँड्रोमेडा म्हणजेच आपली देवयानी. ३ ऑक्टोबर १९६१ पासून दर मंगळवारी एक असे तिचे सात भाग दाखवले गेले. शेवटचा भाग १४ नोव्हेंबर १९६१ रोजी झाला. आपल्याकडे त्या दिवशी बालदिन होता. मालिकेचे मूळ कथानक फ्रेड हॉइल या खगोलशास्त्रज्ञाचे होते, आणि त्याच वेळी त्यांच्या हाताखाली केंब्रिजमध्ये २३ वर्षांचा एक मराठी विद्यार्थी पीएच.डी.चे काम करत होता. त्याचे नाव जयंत विष्णू नारळीकर.

हॉइल हे त्या काळात इंग्लंडमध्ये घरोघरी माहीत असलेले नाव. ताऱ्यांच्या पोटात कार्बनसारखी मूलद्रव्ये कशी शिजतात याचे कोडे सोडवणाऱ्यांत ते अग्रभागी होते. विश्वाला आरंभ नाही, ते प्रसरण पावत असतानाच नवे द्रव्य निर्माण होत राहते आणि म्हणून ते सदैव सारखेच दिसते, असा स्थिर-स्थिती सिद्धांत त्यांनी बाँडी आणि गोल्ड यांच्याबरोबर १९४८ मध्ये मांडला होता. विरोधी सिद्धांताला 'बिग बँग' हे नाव त्यांनीच १९४९ मध्ये एका रेडिओ भाषणात दिले. नाव विरोधकाने ठेवले आणि तेच चिकटले! १९५७ मध्ये त्यांची 'द ब्लॅक क्लाउड' ही विज्ञान कादंबरी गाजली. तेव्हा दूरचित्रवाणीवर विज्ञानकथा हवी म्हटल्यावर बी.बी.सी.ची माणसे त्यांच्याकडे गेली यात नवल नाही. संवाद आणि पटकथेचे काम जॉन एलियट यांनी पाहिले.

पण १९६१ हे वर्ष हॉइल यांना सोपे गेले नाही. केंब्रिजमध्येच मार्टिन राइल आकाशातल्या रेडिओ-स्रोतांची मोजणी करत होते. त्यांना मंद, म्हणजे दूरचे स्रोत अपेक्षेपेक्षा फार जास्त आढळले. दूरचे म्हणजे जुने. जुन्या काळी स्रोत दाट असतील तर विश्व सदैव सारखे होते असे म्हणता येत नाही. १० फेब्रुवारी १९६१ रोजी लंडनला रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत राइल हे मांडणार होते. हॉइल यांना त्या दिवशी दुसरे काम होते. त्यांनी उत्तराची जबाबदारी नारळीकरांवर सोपवली. संशोधनाला लागून अजून वर्षही झालेले नव्हते, वय २२. त्यांनी त्या सभेत उभे राहून दोघांचे गणित मांडले. दीर्घिकांचे मोठे पुंजके धरले तर स्थिर-स्थिती विश्वातही अशी मोजणी निघू शकते, असा त्याचा रोख होता. वर्गात पहिल्यांदा उभे राहिलेल्या नव्या शिक्षकाची छाती कशी धडधडते हे आपल्याला ठाऊक आहे. येथे तर समोर राइल होते.

म्हणजे फेब्रुवारीत आकाशातून आलेल्या रेडिओ-लहरींनी हॉइल यांना अडचणीत आणले आणि ऑक्टोबरात त्याच लहरींवर त्यांनी गोष्ट रचली.

गोष्ट १९७० सालातली, म्हणजे तेव्हाच्या प्रेक्षकांच्या नऊ वर्षे पुढची. इंग्लंडमधली एक नवी रेडिओ दुर्बीण चालू होते न होते तोच देवयानीच्या दिशेकडून ठरावीक ठोक्यांचा संदेश येऊ लागतो. जॉन फ्लेमिंग नावाचा तरुण, तापट शास्त्रज्ञ ओळखतो की हे भाषण नाही. हा एक संगणक कसा बांधायचा याचा आराखडा आहे, आणि त्या संगणकाला द्यायच्या सूचनाही सोबत आहेत. स्कॉटलंडमधल्या लष्करी तळावर यंत्र उभे राहते. ते प्रश्न विचारू लागते, माणसाच्या शरीराची माहिती मिळवते, आणि मग डॉनी या जीवशास्त्रज्ञ बाईंना सजीव पेशी घडवण्याची कृती देते. प्रयोगशाळेतल्या क्रिस्टीन या मुलीचा यंत्रामुळे मृत्यू होतो आणि काही दिवसांनी यंत्राच्या कृतीतून तिच्याच चेहऱ्याची एक तरुणी जन्माला येते. तिचे नाव अँड्रोमेडा. दोन्ही भूमिका ज्यूली ख्रिस्ती हिने केल्या. नाट्यशाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या या नटीने पुढे ऑस्कर मिळवले.

आम्हाला या कथेत सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी युक्ती, आणि ती वर्गात सांगण्याजोगी आहे. ताऱ्यांमधली अंतरे अशी आहेत की प्रश्नोत्तरे शक्यच नाहीत. शंभर प्रकाशवर्षांवरून "कसे आहात?" असे विचारले तर उत्तर दोनशे वर्षांनी मिळेल. देवयानी दीर्घिकेचा हिशेब तर पन्नास लाख वर्षांचा. मग पाठवणाऱ्याने काय करावे? यान पाठवणे महाग आणि सावकाश. त्यापेक्षा कृती पाठवावी, सामान ज्याचे त्याने गोळा करावे. आजीने लोणच्याची बरणी टपालाने पाठवण्याऐवजी पोस्टकार्डावर कृती लिहून पाठवावी तसे. फरक इतकाच की या पोस्टकार्डावरचे लोणचे खाल्ल्यावर काय होईल हे पाठवणाऱ्यालाच ठाऊक.

हे हॉइल यांना सुचले त्याला त्या वर्षांची हवाही कारण होती. १९५९ मध्ये कोकोनी आणि मॉरिसन यांनी 'नेचर'मध्ये लिहिले होते की परक्या संदेशांचा शोध रेडिओ-लहरींत घ्यावा. १९६० मध्ये अमेरिकेत फ्रँक ड्रेक यांनी खरोखरच दोन जवळच्या ताऱ्यांकडे दुर्बीण वळवून कान लावला. काही ऐकू आले नाही, पण शोध सुरू झाला. दुसरीकडे, सजीवांची घडण ही लिपीत लिहिलेली सूचना आहे ही कल्पना तेव्हा अगदी ताजी होती. डी.एन.ए.ची रचना केंब्रिजमध्येच १९५३ साली उलगडली होती. त्या लिपीतला पहिला शब्द निरेनबर्ग आणि मॅथाई यांनी १९६१ मध्ये वाचला आणि त्याची वार्ता ऑगस्टमध्ये मॉस्कोच्या परिषदेत जगाला कळली. अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचायची असतात हे क्रिक, ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी त्याच डिसेंबरात केंब्रिजहून दाखवून दिले. मालिका या दोन शोधांच्या मधल्या आठवड्यांत चालू होती. संगणक म्हणाल तर केंब्रिजमध्ये एडसॅक-२ होता, आणि मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही आपला स्वतःचा टिफ्रॅक १९६० पासून कामाला लागला होता.

दूरचित्रवाणी मात्र भारतात तेव्हा फक्त दिल्लीत होती. गंमत म्हणजे ऑक्टोबर १९६१ मध्येच दिल्लीच्या शाळांसाठी दूरचित्रवाणीवरून विज्ञानाचे नियमित पाठ सुरू झाले. मुंबईत केंद्र निघाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि आमच्या विदर्भाच्या खेड्यांत संच पोचले ते १९८० नंतर.

आता तो शेवटचा भाग. यंत्राने सरकारला क्षेपणास्त्रे पाडण्याचे गणित दिले आहे, जखमा भरून आणणारे विकर दिले आहे. सरकार खूश आहे. व्यापारी मंडळी त्याहून खूश. (या गोष्टीतल्या कपटी आंतरराष्ट्रीय कंपनीचे नाव 'इंटेल' आहे. त्याच नावाची खरी कंपनी १९६८ साली निघाली. दोहोंचा संबंध नाही, पण मुले यावर हमखास हसतात.) फ्लेमिंगला मात्र खात्री पटली आहे की देणाऱ्याचा हेतू कळल्याशिवाय देणगी घेणे म्हणजे ताबा देणे. अँड्रोमेडा स्वतः यंत्राची दासी आहे आणि तिला हळूहळू ते जाणवू लागले आहे. शेवटी फ्लेमिंग यंत्रावर कुऱ्हाड चालवतो. संदेशाच्या प्रती अँड्रोमेडा जाळून टाकते. दोघे पळून जवळच्या बेटावर जातात आणि तेथल्या एका गुहेतल्या पाण्यात ती नाहीशी होते. ग्रीक कथेतली अँड्रोमेडा समुद्रातल्या राक्षसाला बळी म्हणून खडकाला बांधलेली होती आणि वीर पर्सियस तिला सोडवतो. येथे पाणी आहे, खडक आहे, पण सुटका नाही. आपल्या ज्योतिर्विदांनी या तारकासमूहांना देवयानी, शर्मिष्ठा, ययाती, वृषपर्वा अशी महाभारतातली नावे दिली. तीही मूळ ग्रीक कथेसारखी एकाच कुटुंबाच्या गोतावळ्यातली आहेत, हे ज्याला सुचले त्याचे कौतुक वाटते.

फ्लेमिंग बरोबर की चूक? आम्ही हा प्रश्न नववी-दहावीच्या मुलांपुढे टाकून पाहिला आहे. पहिल्या पाच मिनिटांत बहुतेक जण कुऱ्हाडीच्या बाजूने असतात. मग कोणीतरी विचारते की ज्या औषधाने माणसे बरी होत होती त्याची कृतीही जळाली का? येथून चर्चेला रंग चढतो. आमचे स्वतःचे मत सांगायचे तर यंत्र बंद करणे समजू शकते, कागद जाळणे समजत नाही. फ्लेमिंगला यंत्राची भीती वाटली ती त्याने संदेश वाचला म्हणूनच. पुढच्याने काय वाचायचे हे त्याने ठरवून टाकले.

लेखकांनाही ते फारसे पटले नसावे. दुसऱ्याच वर्षी, १९६२ मध्ये, 'द अँड्रोमेडा ब्रेकथ्रू' ही सहा भागांची पुढची मालिका आली. तिच्यात अँड्रोमेडा जिवंत सापडते (आता सुझन हॅम्पशर या नटीच्या रूपात) आणि कळते काय, तर त्या इंटेल कंपनीने संदेश आधीच मिळवून दूरच्या एका देशात दुसरे यंत्र उभारले आहे. म्हणजे जाळून काही साधले नव्हते. प्रामाणिक माणसाची प्रत तेवढी जळाली.

गोष्टीतला संदेश असा वाचला. गोष्ट मात्र वाचली नाही. 'ए फॉर अँड्रोमेडा'चा सातवा भाग आज जगात कोणालाही पुरा पाहता येत नाही. त्या काळी चित्रफीत दोन इंच रुंद आणि फार महाग असे. एकदा प्रक्षेपण झाले की तिच्यावरचे पुसून तीच फीत पुन्हा वापरायची, हा सर्वमान्य हिशेब होता. चित्रपटाच्या फितीवर प्रती काढल्या जात, पण कलावंतांच्या संघटनेबरोबरच्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर बंधने होती. पुढे रंगीत चित्रे आल्यावर कृष्णधवल मालिकांना गिऱ्हाईकही उरले नाही. जागा अडवणारे डबे टाकून देण्यात आले. बी.बी.सी.ने ही पुसापुशी १९७० च्या दशकाच्या अखेरीस थांबवली, तोवर व्हायचे ते होऊन गेले होते. १९५३ ची 'क्वाटरमास एक्स्परिमेंट' ही अशीच गाजलेली मालिका. तिच्या सहा भागांपैकी पहिले दोनच उरले आहेत.

आपल्या मालिकेचा एकच भाग, सहावा, पूर्ण सापडला आहे. तो एका खाजगी संग्राहकाकडे होता आणि २००५ च्या सुमारास परत मिळाला. बाकीच्यांचे काही तुकडे आणि छायाचित्रे आहेत. म्हणजे आज आपण शेवटाच्या उंबरठ्यापर्यंत जाऊ शकतो, आत नाही. शेवट कळतो तो हॉइल आणि एलियट यांनी त्याच कथेवर लिहिलेल्या १९६२ च्या कादंबरीवरून. इटलीच्या दूरचित्रवाणीने १९७२ मध्ये आणि बी.बी.सी.ने २००६ मध्ये ती कथा पुन्हा चित्रित केली, पण ज्यूली ख्रिस्तीची अँड्रोमेडा पाण्यात उतरते तो क्षण गेला. पुढच्या वर्षीची मालिका मात्र सगळीच्या सगळी शिल्लक आहे!

हे केवळ करमणुकीच्या बाबतीत झाले असे नाही. अपोलो-११ च्या चंद्रावतरणाच्या रात्रीचे बी.बी.सी.च्या स्टुडिओतले बरेचसे प्रक्षेपण असेच गेले. खुद्द नासाने २००९ मध्ये सांगितले की चंद्रावरून आलेल्या चित्रसंकेतांच्या मूळ फिती बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. आम्हाला हसायला जागा नाही. आम्ही पूर्वी ज्या शाळेत होतो तेथे मुलांनी काही वर्षे रोज सकाळी पाऊस मोजून एका वहीत लिहिला होता. सुट्टीत कपाट साफ करताना ती वही रद्दीत गेली. कोणाचा वाईट हेतू नव्हता. कपाट मात्र स्वच्छ झाले.

याउलट राइल यांची मोजणी पाहा. ती छापली गेली, तक्ते राहिले, आक्षेप राहिले, उत्तरेही राहिली. राइल यांचे सुरुवातीचे काही आकडे चुकीचे होते हेही त्यामुळेच पुढे कळले. १९६५ मध्ये विश्वभर पसरलेल्या सूक्ष्मलहरींचा शोध लागल्यावर बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. हॉइल आणि नारळीकर शेवटपर्यंत गेले नाहीत. १९९३ मध्ये त्यांनी जेफ्री बर्बिज यांच्यासह स्थिर-स्थितीची सुधारलेली आवृत्ती मांडली. ती फार थोड्यांनी मानली. पण त्यांनी कोणाचे आकडे जाळले नाहीत आणि त्यांचेही कोणी जाळले नाहीत.

नारळीकर १९७२ मध्ये भारतात परतले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. जगताप यांची आद्याक्षरे उलटी वाचली की ज. वि. ना. मिळतात. आपल्या नावाचे दडपण परीक्षकांवर येऊ नये म्हणून केलेली ही योजना. वैज्ञानिकाने गोष्टी लिहिणे यात कमीपणा नाही हे त्यांनी गुरूंकडे पाहिलेच होते. मराठी वाचकाला त्यातून 'यक्षांची देणगी' पासून पुढचे सारे मिळाले.

आणि देवयानीच्या निरोपाचा एक धागा तर प्रयोगशाळेपर्यंत आला. हॉइल यांनी पुढे चंद्रा विक्रमसिंघे यांच्याबरोबर असे मांडले की जीवनाची बीजे अवकाशातून पृथ्वीवर येत असतात. बहुतेकांनी ते हसण्यावारी नेले. नारळीकरांनी म्हटले, तपासू या. इस्रोच्या मदतीने हैदराबादहून फुगे सोडून उंचावरची हवा निर्जंतुक नळकांड्यांत गोठवून आणली. २० एप्रिल २००५ च्या उड्डाणात २० ते ४१ किलोमीटर उंचीवरचे नमुने घेतले. हैदराबादच्या सी.सी.एम.बी. आणि पुण्याच्या एन.सी.सी.एस. या संस्थांत ते तपासले गेले. २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या, त्यांत जिवाणूंच्या तीन जाती नव्या. एकीचे नाव आर्यभटावरून, एकीचे इस्रोवरून, आणि एकीचे 'जॅनिबॅक्टर हॉइली'. हॉइल तोवर हयात नव्हते. ते २००१ मध्ये गेले. हे जीव पृथ्वीबाहेरचे आहेत असे मात्र यावरून सिद्ध होत नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट सांगितले गेले. नमुने राखून ठेवले आहेत. नारळीकरांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले.

वर्गासाठी एक छोटा प्रयोग. १६ नोव्हेंबर १९७४ रोजी अरेसिबोच्या दुर्बिणीतून माणसांनी स्वतःच एक संदेश आकाशात पाठवला. त्यात १६७९ ठोके होते, प्रत्येक शून्य किंवा एक. १६७९ चे अवयव पाडायला सांगा. २३ आणि ७३, दोन्ही मूळ संख्या, तिसरा मार्ग नाही. म्हणजे चौकटीच्या कागदावर २३ स्तंभ आणि ७३ ओळी आखल्या आणि एकच्या जागी घर काळे केले की चित्र उमटते. मुलांचे दोन गट करा. एका गटाने ७ × ११ घरांत चित्र काढून ७७ अंकांची माळ दुसऱ्याला द्यावी, बाकी काही सांगू नये. आमच्याकडे एका गटाने मोराचे चित्र पाठवले होते. समोरच्या गटाने स्तंभ आणि ओळी अदलाबदल करून आधी त्याची निव्वळ रांगोळी केली आणि मग मोर शोधला.

आणि आकाश. १४ नोव्हेंबरच्या आसपास चंद्र नसलेली रात्र निवडा. लाखनी सुमारे २१ उत्तर अक्षांशावर आहे, देवयानी दीर्घिका खगोलावर ४१ अंश उत्तरेला. म्हणून ती रात्री सव्वानऊ-साडेनऊच्या सुमारास बरोबर माथ्यावर न येता माथ्यापासून २० अंश उत्तरेकडे येते. माथ्याजवळचा महाश्वाचा मोठा चौकोन शोधा. त्याच्या ईशान्य कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून पूर्वेकडे देवयानीची ओळ निघते. दुसऱ्या ठळक ताऱ्यावर थांबा, तेथून वायव्येकडे वळून दोन मंद तारे ओलांडा. दुसऱ्याच्या अगदी शेजारी धुरकट डाग दिसेल. थेट न पाहता नजर किंचित बाजूला ठेवली की तो जास्त चांगला दिसतो. दहा मिनिटे डोळ्यांना काळोखाची सवय होऊ द्या, आणि तारीख, वेळ, कोणाला दिसला, कोणाला नाही हे वहीत लिहून घ्या.